चांदीवरचा अंगठा

अंगठा पपांचा होता. म्हणजे कुणाचाही असू शकला असता, शो-द-फोंसारख्या घड्याळांच्याच गावात घड्याळं उघडणाऱ्यांना काय तोटा, दर जिन्यावर एक तरी सापडतो, पण मिरेयनं काच काढली, काटे उचलले, तबकडी सुटी केली, खिडकीतल्या उजेडात ती जराशी तिरकी धरून डोळ्याला भिंग लावलं, आणि तिला कळलंच की हे लोणी नाही, बुरशी नाही, धूळ तर नाहीच नाही, हा अंगठा आहे आणि हा पपांचा आहे. पाच आणि सहाच्या मधे, चांदीच्या मुलाम्यावर, चहाच्या डागासारखा तपकिरी, पण एकेक रेघ सुटी मोजता येईल इतका स्पष्ट उठलेला, आणि त्या सगळ्या गोल गोल रेघांना आडवी छेदत गेलेली एक पांढरी चीर. ती चीर तिला पाठ होती. लहानपणी पपांच्या मांडीवर बसून त्या चिरेवरून नख फिरवायचा तिला नादच होता, आणि मग विचारायचं, पपा, हे कसं झालं, आणि मग पपांनी सांगायचं की शरदात माळावर सॉसेज भाजायला गेलो होतो, जाळासाठी फांद्या तोडत होतो, कोयता सटकला, आणि तुझी आई म्हणाली, चला, एक सॉसेज जास्त झालं. हे असं शंभरदा. शंभरदा ऐकून शंभरदा हसायचं. आणि आता तीच चीर दुसऱ्याच्या घड्याळावर, त्या तपकिरी डागातून, एखाद्या ओळखीच्या माणसानं भलत्याच ठिकाणी भेटावं तशी तिच्याकडे बघत होती.

तिनं भिंग काढलं. परत लावलं. मग घड्याळाचं मागचं झाकण उचललं आणि आतल्या बाजूनं बघितलं, कारण तिथं खूण असते, या धंद्यात प्रत्येक जण घड्याळ उघडलं की झाकणाच्या आत सुईच्या टोकानं आपली खूण ओरखडून ठेवतो, अक्षरं आणि साल, मालकाला जन्मात दिसत नाही, ती आपली आपल्यातल्या आपल्यात वाचायची. झाकणात एकच खूण होती. ए आणि क, एकात एक अडकवलेले, क ची शेपटी अशी लांब ओढलेली की बघणाऱ्यानं म्हणावं, हा माणूस स्वतःवर खूश आहे. खाली साल. ते साल बघून तिनं मनात हिशोब केला, तर तोच हिवाळा, ज्या हिवाळ्यात ती घड्याळाच्या शाळेत दाखल झाली होती.

“काय गं,” पलीकडच्या टेबलावरून जोझियान म्हणाली, “आत उंदीर निघाला की काय?”

“मळ आहे नुसता.”

“मग तोंड असं का? मळावरच तर पोट चालतंय आपलं.”

जोझियान तिची भागीदार, शाळेपासूनची मैत्रीण, डोळ्यावरचं भिंग न काढताच बोलते, त्यामुळे तिच्याशी बोलताना कायम वाटतं की आपल्याला कुणीतरी उघडून बघतंय. मिरेयनं तबकडी हळूच स्वतःच्या अंगाआड ओढली. म्हणजे बघा, अजून काहीच घडलेलं नव्हतं, कुणी काही म्हटलं नव्हतं, आणि ती लपवायला लागली होती. दारावर पाटी होती “कालाम, घड्याळ दुरुस्ती”. ते कालाम म्हणजे ती नव्हे. ते पपा. एद्मों कालाम, ज्यांनी आयुष्यात एकाही तबकडीला उघडं बोट लावलं नाही, सगळं चिमट्यानं. हे गावात असं बोललं जायचं जसं एखाद्याबद्दल बोलतात की त्यानं कधी दारूला शिवलं नाही. कारखान्यांना एकामागून एक कुलपं लागली, पपांची नोकरी गेली, तरी लोक स्वैपाकघराच्या खिडकीशी त्यांना शोधत यायचे ते त्या एका वाक्यावर. आणि मिरेयकडे यायचे तेही त्याच वाक्यावर. मादाम दुकोमं काल घड्याळ टेबलावर ठेवून काय म्हणाल्या? “माझ्या नवऱ्याचं, मोरीसचं आहे हे, परवा नातवाच्या लग्नात नातू घालणार. चालतंय झकास, पण तोंडाला काहीतरी लागलंय बघ, पावाचं लोणी सांडल्यासारखं. पुसून दे. आणि जपून हं पोरी, तुझ्या बापाच्या हातचं आहे, त्याच्याशिवाय कुणाला उघडू दिलं नाही मोरीसनं.” आणि मिरेय हसून म्हणाली होती, “पुसून देते मादाम, उद्या चारला या.” पुसून देते! किती सहज.

आता धूळ असती तर ती खरंच पुसून देणार होती. पुसून म्हणजे पुसून नाही, तबकडी कुणी पुसत नाही, पुसायला गेलं की छपाई फडक्यावर येते आणि घड्याळ आंधळं होतं. धुळीला आधी रबरी फुग्यानं वारा घालायचा, तोंडानं फुंकायचं नाही, फुंकरीत थुंकी असते. मग मऊ केसांचा ब्रश, तोही टेकवायचा नाही, नुसता जवळून न्यायचा. मग तो कणकेसारखा निळसर मऊ गोळा, चिमटभर, तो टोकदार करून कणावर अलगद दाबायचा आणि सरळ वर उचलायचा, घासायचा नाही, दाबायचा आणि उचलायचा, कण त्याला चिकटून येतो. बस्स. एवढ्यानं गेलं तर गेलं, नाही गेलं तर हात जोडायचे आणि मालकाला सांगायचं, मादाम, आहे तसं राहू द्या. हे सगळं तिनं सकाळी केलं. काठावरची धूळ गेली, बाराखालचं एक पांढरं कुसळ गेलं, आकडे उजळले, आणि मधला अंगठा मात्र जास्तच उठून दिसायला लागला. जाणार कसा? तो वर नव्हताच. बोटाचा घाम वार्निशच्या बारीक तड्यातून आत उतरला होता आणि इतकी वर्षं अंधारात गुपचूप चांदी खात बसला होता. तेव्हा पपांना तो दिसला नसेल. हे असे ठसे त्या दिवशी दिसतच नाहीत. त्या दिवशी सगळं लख्ख असतं.

आणि इथं एक गोष्ट झाली, जी मिरेयनं नंतर कुणालाच सांगितली नसती, जोझियानला तर नाहीच. तिला आनंद झाला. अगदी पोटातून, उकळी फुटावी तसा, सापडले! असा. हे सापडले कुठून आलं? ती सहा वर्षांची होती, स्वैपाकघरातल्या टेबलावर पपांनी एक पांढरीशुभ्र तबकडी मांडून ठेवली होती, बाहेर बर्फाचा ढीग खिडकीच्या निम्म्यापर्यंत आणि त्याचा उजेड छताला लागलेला, त्या उजेडात ती तबकडी अशी काही दिसत होती, की तिनं बोट लावलं. लावलं म्हणजे टेकवलं. पपांनी मारलं नाही. पपा कधी मारायचे नाहीत. त्यांनी तिचं ते बोट धरलं आणि तिच्याच तोंडात घातलं. “चव घे. कशी आहे?” ती म्हणाली, खारट. “हं. ते मीठ चांदी खातं.” इतकंच. पण त्या रविवारी सगळे काका-आत्या जेवायला जमले, कोबी आणि सॉसेज, आणि पपा म्हणाले, “मीठ लागलं तर सांगा, आमच्याकडे एक मीठबोटी आहे.” सगळे हसले. आईसुद्धा. आणि तिथून ती मीठबोटी झाली, मीठबोटी, जरा पाव दे, मीठबोटी, दार लाव, काका तर शेवटपर्यंत दुसऱ्या नावानं हाक मारायचा नाही. तिला स्वतःचं बोट आवडेनासं झालं. वर्गात हात वर करायची तो मूठ मिटून. आणि तरी घड्याळाच्याच शाळेत गेली, का तर पपांनी एकदा तरी म्हणावं की नाही, ही मीठबोटी नाही. तर तिथं काय, पहिल्याच हिवाळ्यात मास्तरांनी पपांना पाहुणे म्हणून बोलावलं, तबकडी कशी बसवायची ते दाखवायला, आणि पपा कोटाच्या खिशात हात घालून वर्गापुढे उभे राहिले आणि अख्ख्या वर्गाला ती बोटाची गोष्ट सांगितली. तिची चव घेण्यापर्यंत सगळी. जोझियान त्याच वर्गात होती, मागच्या बाकावर, तिला हसताना उचकी लागली होती.

म्हणून सापडले. म्हणून आनंद. तिनं मान खाली घातली, कारण आपलं तोंड आता कसं दिसत असेल याची तिलाच लाज वाटली. बाप म्हातारा आहे गं, ती स्वतःला म्हणाली. हात किती थरथरतात. रोज दुपारी इथं येऊन बसतात, मनुकांचा गोड पाव घेऊन येतात, जोझियान त्यांचा कप अर्धाच भरते आणि कुणी त्यावर काही बोलत नाही, आणि तू? तुला सापडले? मग त्या लाजेतून दुसरी लाज निघाली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी, की चारला मादाम दुकोमं येणार, मी म्हणणार की हा डाग जाणार नाही, त्या म्हणणार का, मी म्हणणार बोटाचा ठसा आहे, त्या म्हणणार कुणाच्या बोटाचा. आणि मादाम दुकोमंना एक गोष्ट कळली की ती बेकरीत, पोस्टात, चर्चच्या पायरीवर, सगळीकडे पाव किलो पाव किलोनं वाटली जाते. दारावरची पाटी. पपांचं ते एक वाक्य. तिला वाटलं आपण ते वाचवायला निघालोय. आता खरंच वाचवायला की पपांची चूक आपल्या हातानं पुसून टाकायला, त्यांना कधीच न कळता त्यांच्या वर उभं राहायला, हे तिला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. ती जोझियान जेवायला जायची वाट बघत बसली.

जोझियान गेली. मिरेयनं बोटांवर रबरी टोप्या चढवल्या, लाकडी काडी चाकूनं तासून मऊ टोकाची केली, टोक जिभेला लावलं. थुंकी. सगळ्यात साधी, सगळ्यात जुनी, पाण्याहून सौम्य, संग्रहालयातले लोकसुद्धा लावतात. काडी डागाच्या कडेला टेकवून गोल फिरवली. काही नाही. अजून एकदा. टोक किंचित तपकिरी झालं आणि तिला वाटलं, जातोय! इथंच थांबायला हवं होतं. कुणीही थांबलं असतं. पण जातोय म्हटल्यावर कोण थांबतं? खणात मागे एक डबी होती, दारूच्या पिंपाला आतून धरते ती आंबट पांढरी पूड, जुने लोक चांदी घासायला वापरायचे, पपांचीच डबी ती. तिनं थेंबभर पाण्यात कालवली आणि काडीनं अंगठ्याच्या मधोमध, जिथं चीर होती तिथं, लावली. तिला चीर आधी घालवायची होती. चीर गेली की ठसा कुणाचाही. गोल, गोल, हलक्या हातानं. रेघा फिकट होत गेल्या. छताला बर्फाचा उजेड लागला होता आणि खालच्या रस्त्यावर कुणीतरी फावडं घासत होतं, खर्र, खर्र, आणि तिचा हात त्या फावड्याच्या तालावर कधी गेला तिला समजलं नाही. मग काडीचं टोक करडं झालं. करडं म्हणजे चांदी. तिनं हात उचलला तेव्हा ठसा गेलेला होता, चीर गेलेली होती, आणि त्यांच्या जागी पितळ होतं. पिवळंधमक. टकलावरच्या चट्ट्यासारखं. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, त्या चार मिनिटांच्या रेघाही चांदीबरोबर निघून आल्या होत्या. फक्त चट्ट्याच्या वरच्या कडेला अंगठ्याच्या दोन-तीन कमानी उरल्या होत्या, उगवत्या सूर्याभोवती मुलं काढतात ना, तशा.

नवीन मुलामा चढवायचा तर तबकडी बाहेर पाठवायची, आठवडे जातात, आणि लग्न उद्या. रडू आलं नाही. एक विचित्र गोष्ट आठवायला लागली. शाळेतला तो दिवस. पपा खिशात हात घालून उभे. गोष्ट सांगून झाली, वर्ग हसून दमला, मास्तर म्हणाले, आता दाखवा मोस्यू कालाम, आणि पपा म्हणाले, “माझी मुलगीच दाखवेल.” तिला वाटलं होतं, परीक्षा घेतायत, चारचौघांत अजून एकदा. रागानं कान तापले होते, आणि त्या रागातच तिनं चिमट्यानं तबकडी उचलून बरोब्बर बसवली होती, मास्तर वाहवा म्हणाले होते, आणि पपांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. हात खिशातच होते. पूर्ण तासभर. जाताना मास्तरांशी हस्तांदोलनसुद्धा केलं नाही, नुसती मान लववली, आणि घरी आई म्हणाली, काय हा उद्धटपणा एद्मों, तर पपा म्हणाले, सर्दी झालीय, त्यांना कशाला द्यायची. तो हिवाळा. झाकणातलं साल. म्हणजे चिमटा तेव्हाच धरता येत नव्हता. म्हणजे स्वैपाकघरातल्या खिडकीशी पाठ करून बसलेले पपा, मधेच म्हणायचे, मीठबोटी, जरा इकडे ये, ही तबकडी बसव बघू, शिकायला हवं तुला, आणि ती तोंड वाकडं करून जायची. आणि मोरीस दुकोमंच्या घड्याळाच्या वेळी ती घरात नसेल. इतकंच झालं असेल. ती घरात नसेल, कुठंतरी बर्फावर घसरत असेल मैत्रिणींबरोबर, आणि पपांनी चिमटा खाली ठेवला असेल आणि अंगठ्यानं दाबलं असेल. एकदाच. आणि ती हसण्याची गोष्ट वर्गात सांगितली ती कुणी बघू नये म्हणून? आपल्या हातांकडे?

दार उघडलं. पपा. टोपीवर बर्फ, काखेत पावाची पुडी. पाठोपाठ जोझियानही वर आली, जिन्यात गाठ पडली म्हणाली, “हे बघ मी कोण तरुण पकडून आणलाय.”

“तरुण कसला,” पपा म्हणाले, “तिसऱ्या मजल्यापर्यंत हृदयानं दोनदा राजीनामा दिला.”

“मग परत कामावर कसं घेतलंत?”

“पगार वाढवला.”

जोझियान खो खो हसली आणि अर्धा कप भरला. मिरेयनं तबकडीवर काचेचं झाकण उपडं घातलं आणि झाकणावर हात ठेवला. सांगावं. आत्ता सांगावं, पपा, बघा माझ्या हातून काय झालं. तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, “पपा, पाव ताजा आहे का?” आणि पपा म्हणाले, आहे की, आणि मग तिनं पाव खाल्ला, मनुका एकेक वेगळ्या काढून, लहानपणी खायची तसा, आणि मग तिनं काटे परत बसवले, काच बसवली, कारण चार वाजत आले होते, आणि हातांना काहीतरी काम हवं होतं.

मादाम दुकोमं चारच्या आतच आल्या. “एद्मों! तू इथंच ठाण मांडून? बायकांत बसायला बरं वाटतं का रे?”

“येव्हेत, तू आलीस म्हणजे बायका संपल्या आणि पोलीस सुरू झाले.”

“आण गं पोरी, दाखव माझ्या मोरीसचं तोंड.” त्यांनी घड्याळ घेतलं, चष्मा कपाळावरून खाली ओढला. “हे काय आहे?” त्या म्हणाल्या. “लोणी बरं होतं की. हे तर भोक दिसतंय.”

“तिथं जुना ठसा होता मादाम,” मिरेय म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच छान वाटला, शांत, धंद्यातला. “बोटाचा. आधी ज्यानं उघडलं त्याचं बोट लागलं होतं. घाम मुलामा खाऊन टाकतो, मग असं होतं.” आणि यातलं प्रत्येक वाक्य सुटं सुटं घेतलं तर खरं होतं.

“ज्यानं उघडलं?” मादाम दुकोमं म्हणाल्या. “पण उघडलंय कोणी? याच्याशिवाय?”

सगळ्यांनी पपांकडे बघितलं. जोझियाननं तर डोळ्यावरचं भिंगसुद्धा काढलं. मिरेयला अजूनही थांबवता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं. तिनं टेबलाच्या कडेवरचा बारीक कचरा बोटानं एका जागी गोळा करायला घेतला.

“दाखव,” पपा म्हणाले. त्यांनी हात पुढे केला, घड्याळ हातात घेतलं, ते त्यांच्या हातात अशा तऱ्हेनं थरथरलं की मादाम दुकोमंनी नजर वळवली. “भिंग.” मिरेयनं भिंग दिलं. पपा खिडकीशी गेले, कोपर चौकटीला टेकवलं, आणि बघितलं. खूप वेळ बघितलं. वरच्या कडेला उरलेल्या कमानी त्यांना दिसल्याच असणार. आणि पितळावरच्या गोल गोल ताज्या रेघाही, काडीच्या. चांदी घामानं गेली तर अशा रेघा पडत नाहीत. हे त्यांच्याइतकं त्या खोलीत कुणाला कळत होतं? मिरेयला कळत होतं.

“माझा आहे,” पपा म्हणाले. “अंगठा माझा. तेव्हा चिमटा धरवेना, अंगठ्यानं बसवली. आणि मग डाग राहील म्हणून घासायला गेलो तर मुलामाही गेला. तोही मीच. इतकी वर्षं वर मळ साचून झाकलं होतं, आज मळ निघाला आणि उघडं पडलं. मोरीसला सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं.”

“तू?” मादाम दुकोमं म्हणाल्या. “बोट न लावणारा कालाम?”

“हो.”

“आणि आम्ही अख्ख्या गावाला सांगत फिरलो.”

“हो.”

“अरे देवा, एद्मों.” त्या हसल्या, पण हसणं अर्ध्यावरच राहिलं, आणि त्यांनी घड्याळ हातरुमालात गुंडाळलं. “जाऊ दे. नवरदेव उद्या घड्याळात थोडंच बघणार आहे.” कुणाशीही हात न मिळवता त्या बाहेर पडल्या, आणि या गावात हात न मिळवता कुणी जात नाही. जोझियान कप उचलून मोरीकडे गेली आणि नळ मोठ्ठा सोडून दिला, म्हणजे मला काही ऐकू येत नाही.

पपांनी कोट घालायला घेतला. एक बाही सापडेना. मिरेयनं ती धरली.

“आंबट पूड?” पपा हळू म्हणाले.

“हो.”

“ओली करून?”

“हो.”

“हं. ठसा कधी दिसला?”

“सकाळी.”

“सकाळी,” पपा म्हणाले. दुसरी बाही त्यांना आपली आपणच सापडली. “मला वाटायचं, येईल कधीतरी ते घड्याळ. म्हातारं झालं की येणारच कुणाकडे तरी. म्हटलं, तुझ्याकडे आलं तर बरं. तुला दिसलं की तू विचारशील, आणि मग मी सांगेन.” टोपीवरचं बर्फ कधीच वितळलेलं होतं, तरी त्यांनी ती झटकली. “रोज येतो ते काय या पोरीच्या अर्ध्या कपासाठी?”

ते परत खुर्चीत बसले, कोट घालून, जसं स्टेशनवर बसतात. आणि मिरेय धावली. कोट नाही, टोपी नाही, पायात वर्कशॉपमधल्या सपाता, तीन मजले खाली, रस्त्यावर, सरळसोट रस्ता, दोन्हीकडे कमरेएवढे बर्फाचे बांध, मादाम दुकोमं वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचल्या होत्या आणि बेकरीच्या दारात एक बाई त्यांच्याशी बोलायला थांबलेली. “मादाम! मादाम दुकोमं!” ती घसरली, सावरली, पोचली. तोंडातून आधी नुसती वाफच आली.

“अगं कोट तरी!”

“ते मी केलं. पितळ. पपांचा नुसता ठसा होता, मी घासलं, आज दुपारी, मी, पूड लावून. पपा खोटं बोलले. मी तुमच्यासमोर गप्प बसले. ते मीच केलंय.” सगळं एका दमात आलं, आणि आल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की थंडी वाजायला लागली.

मादाम दुकोमंनी तिच्याकडे बघितलं, पायातल्या सपातांकडे बघितलं, परत तोंडाकडे. त्यांचे डोळे भरून आले. “ऐकलंस?” त्या बेकरीतल्या बाईला म्हणाल्या. “ऐकलंस ही काय म्हणते? बापाचं नाव जाऊ नये म्हणून स्वतःवर घेतेय. या बर्फात. सपातांवर.”

“नाही मादाम, खरंच मी...”

“हो हो हो. खरंच तू. कळलं.” त्यांनी आपली लोकरी शाल काढून तिच्या खांद्यावर टाकली. “मोरीसच्या शेवटच्या दुखण्यात माझा मुलगा दोनदा आला, तोही गाडी चुकीच्या जागी लावली म्हणून लवकर गेला. आणि हा एद्मों बघ. काय नशीब काढलंय म्हाताऱ्यानं. तू घाबरू नकोस पोरी, त्याचं मी कुणाला काही सांगणार नाही. तुझं मात्र सांगणार. सगळ्यांना सांगणार.”

“सोनं आहे हो पोरगी,” बेकरीतली बाई म्हणाली.

मिरेयनं परत सांगायला तोंड उघडलं. अजून एक पुरावा होता, पितळावरच्या ताज्या रेघा, भिंगातून बघा, कुणालाही दाखवा, म्हणता आलं असतं. आणि त्याच वेळी तिला आत कुठंतरी जाणवलं की आपल्याला बरं वाटतंय. शाल उबदार होती, पाव भाजल्याचा वास येत होता, दोन बायका तिच्याकडे अशा बघत होत्या जसं आजवर कुणी बघितलं नव्हतं, आणि वर तिसऱ्या मजल्यावर पपा कोट घालून बसले होते. मादाम दुकोमंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि इथल्या रीतीप्रमाणं तीन मुके घ्यायला पुढे झाल्या. पहिला त्यांनी घेतला. दुसऱ्याला तिनं मान वळवू दिली. तिसऱ्याला गाल तिनं आपणहून पुढे केला.